गामदेवीचा कोच

लिफ्टमध्ये मावेना,
म्हणून दोन मजले हातांवर उतरवला.
जिन्याच्या वळणावर उभा केला तेव्हा
झोपेतून कुणी दचकून उठावं तसा दिसला.
हिरवं रेक्झिन. उशाशी तेलाचा काळपट गोल.
चाळीस वर्षं नॅपकिन बदलले धैर्यवानबाईंनी,
तरी डोकी झिरपलीच.

मी सायनला ओपीडीत बसते.
एका माणसाला बारा मिनिटं.
एकवीस प्रश्न, शून्य ते तीन,
बेरीज झाली की कळतं
दुःख सौम्य आहे की मध्यम.
शुक्रवारी शिकवते.
बाईंच्या अख्ख्या आयुष्याला अभ्यासक्रमात चार तास,
'ऐतिहासिक महत्त्व' या मथळ्याखाली.
परीक्षेला येतं का, मुलं विचारतात.
मी म्हणते, मर्यादा लिहा:
पुरावा नाही, पडताळा नाही,
पेशंट हो म्हणाला तर हो,
नाही म्हणाला तर तो 'विरोध', म्हणजे पुन्हा हो.
छापा पडला तर मी जिंकलो, काटा पडला तर तू हरलास.
मुलं हसतात. हे वाक्य दर वर्षी चालतं.

बाईंना तोंडावर म्हटलं होतं एकदा.
'मनी वसे ते स्वप्नी दिसे'
हे आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंनाही ठाऊक आहे,
त्यासाठी आठवड्याला चार तास कशाला?
बाई खारी चहात बुडवत म्हणाल्या,
मग तू दर गुरुवारी कशाला येतेस?
खारी तुटून कपात पडली.
तिचाही अर्थ लावला असता त्यांनी.
मी विषय बदलला.

पुस्तकातून काढले तरी शब्द काही गेले नाहीत.
केळीवाला जावयाच्या न्यूनगंडाबद्दल बोलतो,
सोसायटीचा सेक्रेटरी सेक्रेटरीपदाच्या अहंगंडाबद्दल.
पागडीचे भाडेकरू जसे,
इमारत धोकादायक ठरवून नोटीस चिकटवली
तरी आत भाकऱ्या भाजत राहतात.

कपाटात वह्या होत्या. नावं नाहीत, आकडे.
न वाचता जाळाव्यात, असं चिठ्ठीत होतं.
मी सतरा नंबर उघडली.
१९७४. वय एकोणीस. गिरगाव.
काका. दुपार. आतून कडी.
खाली बाईंचं निळं, ठाम अक्षर:
'इच्छेतून रचलेली कल्पना.'
त्यावर पेन्सिलीची आडवी रेघ,
बऱ्याच वर्षांनंतरची, हात कापत असतानाची,
आणि समासात:
'ती खरं सांगत होती.
मी तिला नव्हे, पुस्तकाला ऐकत होते.'
मग तीन तारखा. पत्ता शोधला. चाळ पाडली आहे.
पुन्हा गेले. तिथे आता टॉवर.

मला राग यायला हवा होता. आलाही.
मग आठवलं,
माझ्या एकवीस प्रश्नांत
कडीबद्दल एकही प्रश्न नाही.

फाटकाशी, बदामाच्या झाडाखाली,
ओशिवऱ्याहून आलेल्या मुश्ताकने कोच टेकवला.
कुणाचा होता, विचारलं.
आईचा, मी म्हटलं.
बाईंचा, लगेच म्हटलं.
एका 'ब'चा फरक.
ओठ मिटायचे राहून जातात कधीकधी,
उच्चारातली घाई, मेंदूतला शेजार,
त्यात खोल काही नसतं.
शुक्रवारी मीच सांगते.

आठशे देतो, म्हणाला.
स्प्रिंगा तपासायला आडवा झाला,
पाय लांब केले, वर पानांत बघितलं
आणि उठलाच नाही.
'आमचा बाप,' म्हणाला, 'शेवटी शेवटी
कुणाशी बोलायचाच नाही. माझ्याशी तर...'
मी कुठे उभी आहे बघितलं.
त्याच्या उशाशी. त्याला दिसणार नाही अशी.
सवय नाही माझी ती.

टेम्पोवाला हॉर्न देत होता.
वही काखेत होती,
काडेपेटी पर्समध्ये.
मी विचारलं नाही, शून्य ते तीनमध्ये किती.


'माझ्याशी तर,' तो पुन्हा म्हणाला.